बँकेच्या ॲपने नाकारलेला जुना रेडमी: रूट करावा की तसाच ठेवावा?

काहिलीकाठचा (प्रश्न)

नमस्कार. करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे. हंगामात ऊस किती आला, आदणे (रस उकळण्याच्या मोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत, एका वेळी शिजणारे घाणे) किती निघाली आणि मार्केट यार्डात अडत्याकडे किती रवे (गुळाच्या ढेपा) पोहोचले, याची नोंद मी गेली काही वर्षे एका रेडमी नोट फाइव्ह प्रोवर ठेवतो. हा फोन मी २०२० मध्ये राजारामपुरीतील एका दुकानातून वापरलेला म्हणून घेतला होता. काहिलीच्या वाफेत आणि चिकट हातांत राहूनही तो अजून धडधाकट आहे, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते, आणि वहीपेक्षा मला तो सोयीचा वाटतो.

अडचण अशी, की गेल्या महिन्यात माझ्या बँकेचे ॲप अद्ययावत झाले आणि तेव्हापासून ते उघडताच, हे उपकरण सुरक्षित नसल्याने पुढे जाता येणार नाही, अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडते. शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर तेथील मुलाने फोन हातात न घेताच सांगितले, "अँड्रॉइड नऊ आहे काका, जुनं झालंय. सॉफ्टवेअर मारतो, रूट करून देतो, सगळं चालू होईल. आठशे रुपये होतील." माझा पुतण्या अभियांत्रिकीला आहे. त्याचे म्हणणे असे, की रेडमीच्या नादी लागण्यापेक्षा त्याचा पडून असलेला आयफोन टेन जेलब्रेक करून, म्हणजे ॲपलने घातलेली बंधने तोडून, मी वापरावा, म्हणजे नोंदीचे त्याने स्वतः लिहिलेले ॲपही त्यात कायमचे बसवता येईल.

रूट केल्याने बँकेचे ॲप खरोखर चालू होते का? या दोन्ही प्रकारांत फोन कायमचा निकामी होण्याचा धोका किती? आणि हे सारे कायद्याला धरून आहे का? दसऱ्यानंतर हंगाम सुरू होईल, त्याआधी निर्णय घ्यायचा आहे.

शाहूपुरीचा कारागीर

दुकानातील मुलाने आपल्याला रोगाच्या नावाखाली नेमके उलटे औषध सांगितले आहे. बँकेची ॲपे ज्या कारणांसाठी फोन नाकारतात त्यांत रूट हे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. तेव्हा रूट केल्याने ॲप चालू होईल हे म्हणणे, कुलूप तोडले की चोरीची भीती जाईल, असे म्हणण्यासारखे झाले.

हे का घडते ते थोडक्यात सांगतो. फोन सुरू होताना सर्वांत आधी बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. तो पुढच्या प्रणालीवर कंपनीची सही आहे की नाही हे पाहतो आणि सही जुळली तरच तिला पुढे जाऊ देतो. बूटलोडर उघडला, म्हणजे अनलॉक केला, की ही तपासणी सैल होते आणि आपल्याला हवी ती प्रणाली बसवता येते. लिनेजओएससारख्या प्रणाली याच वाटेने येतात. रूट ही त्याच्या पुढची पायरी आहे: मॅजिस्कसारख्या साधनाने प्रणालीतील सर्वोच्च अधिकार मालकाच्या हाती येतो. मात्र तो मालकाच्या हाती येतो तसा, चुकून परवानगी दिली तर, एखाद्या लबाड ॲपच्या हातीही जाऊ शकतो. बँकेला भीती आहे ती याच गोष्टीची. म्हणून बँकेचे ॲप गूगलच्या यंत्रणेला, जिचे नाव पूर्वी सेफ्टीनेट होते आणि आता प्ले इंटिग्रिटी आहे, विचारते, की हा फोन कारखान्यातून आला तसाच आहे का? फोनच्या चिपमधील सुरक्षित भाग बूटलोडर उघडा असल्याचे कळवू शकतो आणि मग बँक दार लावून घेते. हे लपवण्याच्या युक्त्या आहेत. मीही हौसेखातर त्या करून पाहिल्या आहेत. पण तो आट्यापाट्यांचा खेळ आहे. आज पाटी ओलांडली म्हणून उद्या सुटाल याची शाश्वती नसते, आणि अडत्याचे पैसे यायच्या दिवशीच ॲप बंद पडले तर दाद कोणाकडे मागणार?

आता धोक्याविषयी. आपल्या मॉडेलचा एक विशेष दोष, किंवा पाहणाऱ्याच्या दृष्टीने गुण, असा, की २०१८ मध्ये कंपनीने त्यात प्रणाली मागे नेण्यास प्रतिबंध करणारी सोय आणली. चिपमध्ये एक आकडा नोंदलेला असतो आणि त्याहून कमी आकड्याची जुनी प्रणाली कोणी टाकली, की फोन लोगोपर्यंतही पोहोचत नाही. आमच्या धंद्यात त्याला 'डेड' म्हणतात, इंग्रजीत विटेची उपमा देतात. दोन्ही नावे यथार्थ आहेत. त्या वर्षी माझ्या टेबलावर असे फोन एकामागून एक आले होते आणि त्यांतील बहुतेकांच्या मालकांनी यूट्यूबवर पाहून 'जुनी एमआययूआय (रेडमीवरची कंपनीची प्रणाली) वेगवान होती' म्हणून ती परत टाकण्याचा प्रयत्न केलेला होता. तशा फोनला मागचे झाकण उघडून दोन बारीक बिंदू चिमट्याने जोडावे लागतात, मग संगणकाला तो चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या आपत्कालीन स्थितीत दिसतो, आणि त्यापुढेही कंपनीचे अधिकृत खाते असल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

दुसरी गोष्ट लोक नेहमी विसरतात. बूटलोडर उघडताना फोनमधील सगळा डेटा पुसला जातो, आणि तसे मुद्दाम केलेले असते, जेणेकरून चोरलेला फोन उघडून कोणाला आतले वाचता येऊ नये. २०१९ च्या महापुरात व्हीनस कॉर्नरकडे पाणी चढले त्यानंतर दोन आठवडे माझ्याकडे भिजलेल्या फोनांची रांग होती. एक गृहस्थ टच गेलेला फोन घेऊन आले आणि म्हणाले, "बूटलोडर उघडा, पण नातीच्या बारशाचे फोटो काढून द्या." मी त्यांना समजावले, की तो उघडला तर फोटोच आधी जातील. मग ओटीजीची वायर लावून फोनला संगणकाचा साधा माऊस जोडला, पडद्यावर बाण उमटला, त्या बाणाने त्यांनी स्वतः पॅटर्न काढला आणि फोटो उतरवून घेतले. चाळीस रुपयांच्या वायरीत काम झाले.

आपली अडचण फोन मंद चालण्याची किंवा नको असलेल्या ॲपांची असती, तर त्यासाठीही रूट लागत नाही. संगणकाला फोन जोडून एडीबी या संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनाच्या साहाय्याने कंपनीने आधीच भरलेली ॲपे आपल्या वापरापुरती काढून टाकता येतात. फोन फॅक्टरी रिसेट केला की ती परत येतात, म्हणजे चूक झाली तरी परतीची वाट असते.

एक विनंती. फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिल्या लोगोचा पडदा नीट पाहा. त्यावर बारीक अक्षरांत 'अनलॉक्ड' असे काही लिहिलेले दिसते का, ते कळवा.

डीएफयूचा विद्यार्थी

वर आयफोनचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. आपल्या पुतण्याचा आयफोन टेन हा जेलब्रेकच्या दृष्टीने खरोखरच विशेष फोन आहे, पण त्याच कारणाने तो आपल्या कामाचा नाही.

आयफोन २००७ मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला जेलब्रेकही झाला. त्यानंतरचे बहुतेक जेलब्रेक आयओएसमधील एखाद्या चुकीवर उभे होते. ॲपलने पुढच्या अद्यतनात ती चूक बुजवली की जेलब्रेकही संपत असे. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲक्सिओमेक्स या टोपणनावाच्या संशोधकाने चेकमेट नावाची जी त्रुटी प्रसिद्ध केली, ती मात्र बूटरॉममध्ये होती. बूटरॉम हा चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला भाग असतो. फळ्यावरची चूक पुसता येते, शिलालेखातली येत नाही. त्यामुळे आयफोन फोर एसपासून आयफोन टेनपर्यंतच्या फोनांतील ती त्रुटी कोणत्याही अद्यतनाने दुरुस्त होणार नाही. हातात धरायच्या इतर यंत्रांचा इतिहासही असाच आहे. निन्टेन्डो स्विचच्या पहिल्या आवृत्तीतील टेग्रा चिपच्या बूटरॉममध्ये २०१८ मध्ये अशीच चूक उघड झाली आणि विकल्या गेलेल्या यंत्रांत ती कायमची राहिली. त्याआधी सोनीच्या पीएसपीमध्ये तर लोकांनी बॅटरीतील क्रमांक बदलून त्या यंत्राला, आपण दुरुस्ती केंद्रात आहोत, असे वाटायला लावले होते. त्या बॅटरीला पँडोरा बॅटरी म्हणत. मी शाळेत असताना मंगळवार पेठेतील एका मित्राकडे ती पाहिली होती. दिसायला चारचौघींसारखीच बॅटरी, पण आम्ही ती रुमालात गुंडाळून ठेवत असू.

आता व्यवहाराचे. आयफोन टेनवर आयओएस १६ असताना पालेरेन नावाच्या साधनाने जेलब्रेक करता येतो, परंतु त्याच्या अटी वाचा. पहिली अट अशी, की फोनला पासकोड ठेवता येत नाही, आणि आयओएस १६ वर तर पूर्वी कधी पासकोड ठेवला असेल तर आधी फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा लागतो. पासकोड नाही म्हणजे चेहरा ओळखून उघडण्याची सोयही नाही. दुसरी अट अशी, की हा जेलब्रेक अर्धबद्ध प्रकारचा आहे: फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो साध्या स्थितीत येतो आणि जेलब्रेक पुन्हा जागा करण्यासाठी संगणक लागतो, तोही मॅक किंवा लिनक्सचा. गुऱ्हाळावर बॅटरी उतरली तर आपण काय करणार, चुलवाणाशेजारी लॅपटॉप मांडून बसणार? शिवाय फोन त्यासाठी लागणाऱ्या डीएफयू नावाच्या स्थितीत नेण्यासाठी बटणे सेकंद मोजून दाबावी आणि सोडावी लागतात. मला पहिल्या दिवशी अकरा वेळा करावे लागले आणि शेवटी कळले, की चूक बोटांची नव्हती, सी प्रकारच्या वायरीची होती; जुन्या चपट्या यूएसबीच्या वायरीने पहिल्याच प्रयत्नात झाले.

पुतण्याने लिहिलेले ॲप बसवायचे एवढाच हेतू असेल, तर त्यासाठी जेलब्रेक लागतच नाही. ॲपलच्या विनामूल्य खात्याने स्वतःचे ॲप फोनवर बसवता येते. फक्त त्याची सही सात दिवसांत संपते, म्हणून दर आठवड्याला ती नवी करावी लागते. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून ॲपलला इतर ॲप बाजारांना वाट द्यावी लागली आहे, आपल्याकडे तशी सोय नाही. पण खरे विचाराल तर नोंदीचे ॲप अँड्रॉइडवर एका साध्या एपीके फाइलने बसते. पुतण्याला तेच लिहायला सांगा, त्याचाही अभ्यास होईल.

दसरा चौकातील वकील

आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. स्वतःच्या मालकीच्या फोनचा बूटलोडर उघडणे किंवा त्यात दुसरी प्रणाली बसवणे याला गुन्हा ठरवणारे सरसकट कलम आपल्याकडे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आले. त्यानुसार तांत्रिक संरक्षण भेदणे हा गुन्हा ठरतो तो कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने ते भेदले असेल तर, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. म्हणजे नोंदी ठेवण्यासाठी फोन मोकळा करणे वेगळे आणि चोरीची ॲपे व खेळ भरण्यासाठी मोकळा करणे वेगळे. अमेरिकेत २०१० पासून जेलब्रेकला सूट आहे असे अनेक जण सांगतात. ते खरे आहे, परंतु ती तेथील कायद्यातील ठराविक मुदतीने नव्याने द्यावी लागणारी सवलत आहे, आपल्याला तिचा आधार घेता येत नाही.

खरी खबरदारी दुसऱ्याच ठिकाणी हवी. चुकीच्या फाइली टाकल्याने पुष्कळदा फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, पुसला जातो आणि मग एखादा दुकानदार 'क्रमांक लिहून देतो' म्हणतो. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ खाली दूरसंचार ओळख क्रमांकाशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा फोन कोणाच्याही हाती देण्याआधी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून दिसणारे दोन्ही क्रमांक लिहून ठेवा आणि परत घेताना पडताळून पाहा. वापरलेला फोन विकत घेताना संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकून तो काळ्या यादीत नाही ना, हेही पाहावे. आमच्याकडे येणारे अशील ही तपासणी नेहमी पोलिसांची नोटीस आल्यावर करतात.

सायबर लायब्ररी

मूळ प्रश्नाला थोडी बगल देऊन सांगतो. असल्या बदलांची हौस असेल तर ती पैशाशी संबंध नसलेल्या यंत्रावर भागवावी. माझ्याकडे एक जुने किंडल, म्हणजे पुस्तके वाचण्याचे यंत्र, आहे. मोठ्या आकाराच्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसत. ते जेलब्रेक करून त्यात केओरीडर हे वाचनाचे ॲप बसवले, आता पानाच्या कडेचे पांढरे समास कापून मजकूर पडदाभर दिसतो. पथ्य एकच: जेलब्रेक विशिष्ट आवृत्तीपुरताच चालतो, म्हणून यंत्र विमान स्थितीत ठेवावे, नाहीतर ते रात्रीत आपले आपण अद्ययावत होते. कोबो कंपनीच्या तशाच वाचनयंत्रावर हेच केओरीडर जेलब्रेकशिवाय बसते, हे मला किंडल घेतल्यानंतर कळले.

काहिलीकाठचा

सर्वांचे आभार. कारागीरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे फोन बंद करून सुरू केला. लोगोच्या पडद्यावर खरोखरच 'अनलॉक्ड' असे लिहिलेले आहे. मी फोन सहसा बंद करीत नाही, आणि इतक्या वर्षांत ती अक्षरे कधी पाहिली असली तरी ती कंपनीचीच असतील असे समजलो असेन. डेव्हलपर पर्यायांत जाऊन पाहिले, तेथेही फोन अनलॉक असल्याचेच दिसते. म्हणजे २०२० मध्ये मला तो उघडाच विकला गेला आणि विकणाऱ्याने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. आता ते दुकानही त्या जागी नाही. बूटलोडर पुन्हा बंद केला तर बँकेचे ॲप चालेल का? पुतण्या म्हणतो, एका आज्ञेत बंद होतो.

शाहूपुरीचा कारागीर

मला तीच शंका होती. पुतण्याला म्हणावे, हात आवर. बंद करण्याची आज्ञा एकच आहे हे खरे, पण आत बसलेली प्रणाली मूळची नसेल आणि वर कुलूप घातले, तर सही जुळणार नाही आणि फोन आतून कडी लावून बसेल. विकणाऱ्याने तो का उघडला होता हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित त्यात बदललेली प्रणाली असेल, कदाचित नुसता उघडून सोडला असेल. चीनच्या बाजारासाठी बनलेला फोन आणून त्यात दुसऱ्या देशाची प्रणाली भरून विकण्याचे प्रकारही झाले आहेत, आणि तशा फोनला कुलूप घातले की या उपकरणावर ही आवृत्ती चालत नाही एवढेच वाक्य पडद्यावर उरते.

योग्य क्रम असा. आधी नोंदी आणि फोटो बाहेर काढा. मग फास्टबूट स्थितीत, जिथे केसाळ टोपी घातलेला ससा यंत्रमानवाची दुरुस्ती करताना दिसतो, तिथे फोन संगणकाला जोडून, प्रणाली मागे न नेण्याचा चिपमधील तो आकडा किती आहे ते विचारून घ्यावे. त्या आकड्याला चालणारी, भारतीय आवृत्तीची, याच मॉडेलची शेवटची अधिकृत प्रणाली भरावी. भरताना कंपनीच्या साधनात खाली तीन पर्याय दिसतात आणि 'सर्व पुसा आणि कुलूप लावा' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. माझ्या माहितीतील निम्म्या विटा त्या एका ठिपक्याने घडवल्या आहेत. पहिल्या वेळी कुलूप न लावता भरा, फोन सुरू होऊ द्या, सिम ओळखतो का आणि दोन्ही आयएमईआय जागेवर आहेत का ते पाहा, आणि सारे नीट असेल तरच दुसऱ्या वेळी कुलूप लावा. एवढे करूनही, अँड्रॉइड नऊला बँक किती दिवस उभे करील हे मी सांगू शकत नाही.

काहिलीकाठचा

पुतण्याशी आणि घरी बोलून असे ठरवले, की बँकेचा व्यवहार सौभाग्यवतींच्या नव्या फोनवर न्यायचा आणि रेडमीला कुलूप घालण्याच्या भानगडीत पडायचे नाही. त्यातील यूपीआय आणि बँकेची दोन्ही ॲपे काल काढून टाकली, सिम काढले, आयएमईआय वहीत लिहून ठेवले. आता तो वजनकाट्याशेजारी खिळ्याला टांगलेला असेल आणि त्यात फक्त आदणांची व रव्यांची नोंद होईल. पुतण्या एपीके लिहीत आहे. पहिल्या आवृत्तीत त्याने दहा किलोचा आणि तीस किलोचा रवा एकाच रकान्यात मोजला, त्यामुळे परवाच्या चाचणीत आमच्याकडे कागदोपत्री दुप्पट गूळ तयार झाला. आठशे रुपये मागणाऱ्या दुकानात परत गेलो नाही.